हजाराच्या खाली

माझ्या भाचीइतकी तयारी करणारा प्राणी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि पृथ्वीच्या पाठीवर फार वेळ थांबायचं नाही याचसाठी तिची ती सगळी तयारी चाललेली होती. आपण माणसं साधारणपणे एखादी गोष्ट करून टाकतो आणि मग ती कशी फसली यावर बोलत बसतो. माझी भाची ती गोष्ट कशी फसेल हे आधी मोठ्याने सांगते, समोरच्याकडून वदवून घेते आणि मग चहाचं आधण ठेवते. हो, चहाचंच. "मामी, चहा मी करतेय, तू लक्ष ठेवायचं. दूध वर आलं की तू 'दूध' म्हणायचं, मी गॅस बारीक करणार. मला ऐकू नाही आलं तर दुसऱ्यांदा म्हणायचं. तरीही मी हलले नाही तर गॅस तू बंद करायचा, मला विचारत बसायचं नाही. काही शंका?" माझ्या बायकोला लग्न झाल्यापासून कुणी चहाबद्दल शंका विचारण्याची संधी दिली नव्हती. पहिल्या दिवशी ती पातेल्याकडे बघत नुसती उभी राहिली. पण खरं सांगायचं तर भाची आमच्याकडे होती तेवढ्या काळात आमच्या घरात दूध एकदाही उतू गेलं नाही.

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, लासलगावची. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरांच्या रांगेपुढे उभं राहून, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात, पाचशे माणसांच्या गलबल्यावर आपला आवाज चढवायचा आणि बोली वाढवत न्यायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. अशा घरातल्या मुलीने विमान चालवायचं ठरवलं तेव्हा आम्हा नातेवाइकांना वाटलं, वय आहे, उतरेल खूळ. ते उतरलं नाही, उलट ती परवाना घेऊन आली. पण परवाना असणं आणि विमान असणं यात फार अंतर असतं हे आम्हाला नंतर कळलं. ती शिकली छोट्या, पंख्याच्या विमानावर. नोकरी असते ती मोठ्या जेट विमानावर, आणि तिथे जागा कमी व रांग लांब. काही वर्षं ती लासलगावात दहावीच्या मुलांना गणित शिकवत रांगेत उभी राहिली. मग एका विमान कंपनीचं बोलावणं आलं. लेखी झालं, मुलाखत झाली, आणि उरली ती सिम्युलेटरची चाचणी.

हे सिम्युलेटर म्हणजे काय ते मी भूगोलाचा मास्तर असूनही मला तिनेच समजावलं. जेट विमानाची हुबेहूब कॉकपिट एका मोठ्या खोलीत लोखंडी पायांवर उभी केलेली असते. ती हलते, डुलते, आवाज करते, खिडकीतून धावपट्टीसुद्धा दिसते, फक्त जागची उडत नाही. उमेदवाराने ती उडवून दाखवायची. शेजारी दुसरा उमेदवार मदतनीस म्हणून बसतो आणि मागे परीक्षक बसतात, ते मधेच वारा सोडतात, ढग आणतात, काहीबाही बिघडवतात. स्कूटर येते म्हणून कुणाला एकदम भरलेला ट्रक द्यावा आणि घाटात सोडावं, तसा तो प्रकार. अशी चाचणी तिने आधी एकदा दुसऱ्या एका कंपनीत दिली होती आणि जमलं नव्हतं. काय जमलं नव्हतं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. इथे नापास झालं की या कंपनीचं दार बरीच वर्षं बंद. आमच्याकडे आली त्या दिवशी कपाटात कपडे लावता लावता, आम्ही काही न विचारता ती म्हणाली, "मामा, यावेळी नाही झालं तर मी हा विषय परत काढणार नाही. गणिताचे क्लासेस चांगले चाललेत माझे." माझी बायको एकदम म्हणाली, "आधी जेवून घे." अशा वेळी ती नेहमी जेवायला वाढते.

लासलगावला येणारेजाणारे फार, आणि प्रत्येक जण 'काय मग, विमान कधी' असं विचारणार, म्हणून ती आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर मुक्कामाला आली. आमच्या मागच्या बाल्कनीत तिने आठवडाभरात जेट विमान उभं केलं. कॉकपिटमधल्या सगळ्या फलकांचे फोटो मोठे छापून आणले आणि फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवले. डोक्यावरचा फलक असतो, तो कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगला, म्हणजे दोरी ओढली की तो बरोबर कपाळाच्या वर येऊन थांबे. पायाशी दोन विटा ठेवल्या, त्या दिशा वळवायला. आणि दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दांडे हवेत म्हणून तांदळाच्या डब्यात आमचे दोन्ही डाव उभे खोचले. तांदूळ का, तर दांडा पुढे सरकवताना हाताला थोडा अडसर लागला पाहिजे. परिणामी आमचे कपडे हॉलमध्ये वाळू लागले आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला स्वयंपाकघरातून हाक येऊ लागली, "दोन्ही इंजिनं आण इकडे, आमटी वाढायचीय." भाची आतून उत्तर देई, "एक घेऊन जा मामी, एका इंजिनावर मी अजून पाच मिनिटं काढते."

तिच्या सवयी सगळ्या घराला लागल्या. कुठलीही वस्तू एकाने दिली आणि दुसऱ्याने घेतली, एवढ्यावर तिचा विश्वास नाही. विमानात म्हणे एकाने सोडलं असं म्हटल्याशिवाय आणि दुसऱ्याने घेतलं असं म्हटल्याशिवाय हात काढायचा नसतो, नाहीतर दोघांनाही वाटतं की समोरचा चालवतोय. त्यामुळे ताटसुद्धा हातात देताना ती सोडत नसे. मी ओढतोय, ती धरून आहे आणि मधे वरण हिंदकळतंय. "घेतलं," म्हटलं की सुटका. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडून पार्सल घेताना तिने त्याला हे दोनतीनदा करायला लावलं. तो बिचारा आधी लाजला, मग त्याला ते आवडलं. अजूनही तो कुणालाही पार्सल देताना 'दिलं' म्हणतो आणि समोरचा 'घेतलं' म्हणेपर्यंत बोटं सैल करत नाही. पार्सल हरवल्याची भांडणं आमच्याकडे आता होत नाहीत.

स्कूटरवर तर बोलायचीच सोय नव्हती. जमिनीच्या जवळ असताना वैमानिक अवांतर बोलत नाहीत, हा त्यांचा नियम. तिने तो स्कूटरला लावला. गाडी सुरू केल्यापासून मोठ्या रस्त्याला नीट लागेपर्यंत गप्प, आणि मुक्काम जवळ आला की पुन्हा गप्प. मी मागे बसून एकदा सांगायला गेलो की तो बघ, आपला जुना मुख्याध्यापक चाललाय, किती वाळला. उत्तर नाही. मला वाटलं, रागावली. जेहान सर्कल मागे पडलं, गाडी सरळ धावू लागली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हां मामा, बोल आता. काय म्हणत होतास?" तोवर मी ते विसरलो होतो. मास्तरकीत आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी गप्प बसवू शकतं हे माझ्या बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि भाचीबद्दलचा तिचा आदर फार वाढला.

नजरेचं तर विचारूच नका. कॉकपिटमध्ये डोळे एका जागी ठेवायचे नसतात. मधल्या मुख्य तबकडीवर बघायचं, मग वेगावर, परत मधे, मग उंचीवर, परत मधे, मग दिशेवर. ही फिरती नजर अंगवळणी पडावी म्हणून ती दिवसभर घरात तेच करायची. घड्याळ, पंखा, घड्याळ, कॅलेंडर, घड्याळ, मामी. ताईला या सगळ्यात एकच काळजी, मुलीच्या लग्नाची, म्हणून तिने एका रविवारी आमच्याच घरी सिन्नरकडच्या पाहुण्यांना बोलावलं. मुलगा चांगला होता, बँकेत होता. भाची पोहे घेऊन आली, समोर बसली आणि अगदी नम्रपणे बोलली. फक्त तिची नजर मुलावर, मग त्याच्या वडिलांवर, परत मुलावर, मग पोह्यांच्या बशीवर, परत मुलावर अशी अखंड फिरत होती. मुलगा हळूहळू घामाघूम झाला. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण नजर स्थिर नाही. ताई रडवेली झाली. भाचीला मात्र हे प्रशस्तिपत्रक वाटलं आणि ती पुन्हा बाल्कनीत जाऊन बसली.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण एका दुपारी माझं हसू थांबलं ते पुन्हा तसं कधी आलं नाही. मी शाळेतून लवकर आलो होतो. बाल्कनीच्या दाराशी उभा राहिलो. ती खुर्चीत ताठ बसलेली, डोळे मिटलेले आणि हात त्या कागदी बटणांवरून चाललेले. एकही हात चुकत नव्हता. पुठ्ठ्यावरच्या कुठल्या चौकोनावर कुठलं बटण आहे हे मला डोळे उघडे ठेवून सापडलं नसतं. ओठ हलत होते, पाय विटांवर जरासे दाबले जात होते, आणि थंडीचे दिवस असूनही तिच्या कपाळावर घाम होता. मी इतकी वर्षं मुलांना वारे शिकवतोय. फळ्यावर बाण काढतो, हे व्यापारी वारे, हे मोसमी वारे, लिहून घ्या. मला स्वतःला सप्तशृंगीच्या घाटात खिडकीशी बसवत नाही. आणि ही पोर आमच्या बाल्कनीत, कपड्यांच्या दांडीखाली बसून, उजवीकडून येणाऱ्या वाऱ्याला अंगाने उत्तर देत होती. मला खरंच भीती वाटली आणि त्याच वेळी तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मामाने भाचीच्या पाया पडायची आपल्याकडे रीत आहेच म्हणा, पण मी रीतीबद्दल बोलत नाहीये.

तिने डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, "एवढे आकडे तू एकदम कसे सांभाळतेस?" ती म्हणाली, "आकडे सांभाळायचेच नाहीत मामा. आकड्यांच्या मागे धावलं की विमान वरखाली होतं. नाक किती वर ठेवायचं आणि इंजिनाला जोर किती द्यायचा, एवढं दोन बरोबर ठेवायचं. मग थोडं थांबायचं. आकडा आपणहून येतो." मी त्या रात्री हे वाक्य डोक्यात घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी नववी ब वर ते वापरून बघितलं. तिथे आकडा आला नाही, पण मीही वरखाली झालो नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. खुर्चीतल्या या उड्डाणात तिला शेजारी एक मदतनीस हवा असे, आणि सुरुवातीला तो मी होतो. विमान खाली येताना मी उंचीचे आकडे म्हणायचे, तीन हजार फूट, अडीच हजार, दोन हजार, आणि मधे मधे माझ्या मनाने अडचणी सांगायच्या. वेग वाढलाय. वारा मागून येतोय. हजार फुटांवर आलं की तिने निकाल द्यायचा. कारण हजार फुटांवर वैमानिकाला हिशेब करावा लागतो. वेग बरोबर आहे, दिशा बरोबर आहे, चाकं बाहेर आहेत, तर ते स्थिर, मग उतरा. यातलं काही जरी बिनसलेलं असलं तरी उतरायचं नाही. इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर जायचं, वळसा घालायचा आणि नव्याने यायचं. माझ्या लक्षात आलं की मी काहीही अडचण सांगितली, कितीही मोठी, तरी हजार फुटांवर ती 'स्थिर' असंच म्हणते. वेग भयंकर वाढलाय म्हटलं, तरी स्थिर. शेवटी मी म्हणालो, "अगं, हे कसं स्थिर?" ती म्हणाली, "खालपर्यंत मी सावरलं असतं."

मग तिने पहिल्या खेपेचं सांगितलं. "तिथेही असंच वाटलं होतं, सावरेन. वेग जास्त होता. मी नाक दाबून उतरवलं. अर्धी धावपट्टी मागे गेल्यावर चाकं टेकली. परीक्षक 'थँक यू' म्हणाले." मी विचारलं, पुन्हा वर का नाही गेलीस? "मागे बसून सगळे बघत असतात मामा. एवढ्या लांबून यायचं, दारापर्यंत यायचं आणि परत फिरायचं? त्यांना वाटणार, हिला उतरवताच येत नाही." मी तिला पुष्कळ समजावलं. मास्तर समजावतो तसं, तीन मुद्दे काढून. तिने तिन्ही मुद्द्यांना मान डोलावली आणि पुढच्या खेपेला हजार फुटांवर पुन्हा 'स्थिर' म्हणाली. चूक तिला पाठ होती, पण वेळ आली की हात जोराच्या दांड्याकडे जातच नव्हता. चाचणी जवळ आली होती आणि आमच्या घरात कुणी हसत नव्हतं.

त्या रविवारी ताई आणि दाजी आले. दाजी कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, कांद्याची पिशवी असतेच. माझा घसा बसला होता, म्हणून भाची त्यांना म्हणाली, "आप्पा, आज आकडे तुम्ही म्हणा." दाजींनी टोपी सारखी केली, बाल्कनीत उभे राहिले, घसा खाकरला आणि "तीऽऽन हजाऽऽर" असं पुकारलं की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. त्यांना हळू बोलता येतच नाही. तरी पहिले दोनतीन आकडे ठीक गेले. पण जन्मभर आकडे चढवत नेलेला माणूस तो. उतरते आकडे म्हणताना त्यांचा आवाज जड होऊ लागला. अठराशे. सोळाशे. चौदाशे म्हणताना तर मयताच्या घरी भेटायला गेल्यासारखा चेहरा. बाराशेला दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "कांदे उतरवताय वाटतं. भाव अजून खाली येणार असेल तर थांबते मी." माझ्या बायकोने त्यांना आतले चार कांदे देऊन वाटेला लावलं.

इकडे दाजी हजारावर आले आणि थांबले. भाची म्हणाली, "आप्पा, पुढे म्हणा."

"पटतंय का?" दाजींनी विचारलं.

"काय पटतंय का?"

"हजारावर आलं ना. तुला पटतंय का नाय, ते सांग आधी. नसंल पटत तर ट्रॉली बाजूला घे."

भाची वैतागली. "आप्पा, हे विमान आहे."

"आसंल इमान. माल तर तुझा हाय ना?"

लासलगावात मार्केटला न गेलेल्यांसाठी सांगतो. लिलावात क्विंटलला हजारासारखा भाव लागला आणि तो शेतकऱ्याला पटला नाही तर माल द्यायची त्याच्यावर सक्ती नसते. तो नाही म्हणतो, ट्रॅक्टर रांगेतून बाहेर काढतो आणि पुढच्या लिलावाला पुन्हा रांगेत लावतो. दाजी इतकी वर्षं पुकारून त्या जागेवर आपोआप थांबत होते, त्यांच्या जिभेलाच ती सवय होती. विमानातल्या हजाराचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण भाची खुर्चीत अर्धी वळली. तिचा वैताग गेलेला होता. तिने विचारलं, "सगळ्यांच्या समोर ट्रॅक्टर परत फिरवायचा, त्यांना लाज नाही वाटत?"

"लाज कसली त्यात?" दाजी म्हणाले. "मी समोरच उभा असायचो ना. गडी बाजूला झाला की मला उलट बरं वाटायचं. म्हनायचो, ह्याला आपल्या मालाचं कळतं. जो मान खाली घालून देऊन टाकायचा ना, त्याचं लय वाईट वाटायचं."

ती समोरच्या पुठ्ठ्याकडे वळली आणि म्हणाली, "आप्पा, परत तीन हजारांपासून." दाजींनी पुन्हा सुरुवात केली. मी बसल्या घशाने कसंबसं सांगितलं, वेग वाढलाय. दाजी उतरत उतरत हजारावर आले, थांबले आणि म्हणाले, "पटतंय का?" भाची म्हणाली, "नाही," आणि तिने दोन्ही डाव इतक्या जोरात पुढे ढकलले की डबा आडवा झाला आणि तांदूळ बाल्कनीभर पसरले. माझी बायको आतून धावत आली. रागावेल असं वाटलं, पण ती खाली बसून मुकाट तांदूळ गोळा करू लागली. तिलाही कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी हे दिवे लागेपर्यंत केलं. मात्र प्रत्यक्ष उतरण्याचा सराव त्या रविवारी होऊच शकला नाही, कारण वेग बरोबर असो, वारा बरोबर असो, दाजी हजाराच्या खाली पुकारायला काही केल्या तयार होईनात. "आयुष्यात कधी खुशीनं पुकारलं नाय हजाराच्या खाली," म्हणाले, "आता घरच्या पोरीसाठी कशाला पुकारू?"

चाचणी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात होती. सोबत मी गेलो. मला आत सोडलं नाही, म्हणून मी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि ज्या ज्या देवांशी माझे संबंध बरे आहेत त्यांची आठवण काढली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. बॅग खांद्याला, चेहऱ्यावर काहीच नाही. समोर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "मामा, मी उतरवलंच नाही."

तिने सगळं सांगितलं. उड्डाण चांगलं झालं, वळणं चांगली झाली. मग परीक्षकांनी उतरायला सांगितलं आणि वाटेत मागून वारा सोडला. शेजारी एक उंच, बारीक आवाजाचा मुलगा मदतनीस होता. तो "वन थाउजंड" म्हणाला तेव्हा वेग जास्त होता. थोडासाच जास्त. "सावरता आला असता मामा, अजूनही वाटतंय मला. पण तो पोरगा हजार म्हणाला आणि मला विचारावंसं वाटलं स्वतःला, पटतंय का? नव्हतं पटत. मी दोन्ही दांडे पुढे केले आणि वर गेले. वर जाताना सगळं नीट केलं, नाक, जोर, चाकं. आता वळसा घालून परत आणणार, तर परीक्षकांनी तिथेच सगळं थांबवलं. म्हणाले, बास. दुसरी संधी दिलीच नाही." तिने कप खाली ठेवला. "उतरता येतं हे मी त्यांना दाखवलंच नाही."

मी भूगोलाचा मास्तर. जगातल्या सगळ्या मोठ्या नद्यांची नावं मला येतात, पण त्या टपरीवर मी नुसता आणखी एक चहा सांगितला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी तिने बाल्कनीतले कागद सोलून काढले, गुंडाळी केली, विटा खाली नेऊन ठेवल्या. माझी बायको म्हणाली, राहू दे ना गं, आम्हाला काही अडचण नाही. "नको मामी, तुमचे कपडे हॉलमध्ये वाळतात," ती म्हणाली. लासलगावच्या मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. तिने त्यांच्या आयांना फोन करून क्लास पुन्हा सुरू होतोय म्हणून कळवलंसुद्धा.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा ती आमच्याकडेच होती, कोथिंबीर निवडत होती. तिने तो वाचला, माझ्या बायकोला वाचायला दिला, मग माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि तरीही खात्री होईना म्हणून कोथिंबीर संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. मेलमध्ये कारण लिहिलेलं नव्हतं. ते फार पुढे, प्रशिक्षणात, त्याच परीक्षकांनी तिला सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दिवशी उतरवणारे खूप होते, म्हणाले, तू वर गेलीस. तिने हे मला फोनवर सांगितलं आणि मी ते दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, "मंग. माल तिचा होता." आणि विषय बदलला.

ती प्रशिक्षणाला निघाली तेव्हा तिला पोचवायला आम्ही सगळे नाशिक रोड स्टेशनवर गेलो होतो. ताईचं रडं आधीपासून सुरू होतं. दाजी मात्र हात मागे बांधून गाडीचे डबे बघत होते. भाची पाया पडायला वाकली तेव्हा ते म्हणाले, "मला रोज कळवत बसू नको. आपलं काम कर. मी काय लहान हाय काळजी करायला?" त्यांचा शब्द ती कधी मोडत नाही. तेव्हापासून ती त्यांना खरंच काही कळवत नाही. दिवसाचं शेवटचं विमान उतरवलं की तिचा एक शब्दाचा निरोप येतो तो माझ्या फोनवर. 'उतरले.' कधी दुपारी येतो, कधी अंधार पडल्यावर. येईपर्यंत मी शाळेत असतो, भाजी आणतो, वह्या तपासतो, पण खरं म्हणजे मी काहीच करत नसतो. आकाशात इतकी विमानं जातात, त्यातलं तिचं कुठलं हे आम्हाला आता कधीच कळणार नाही. हवी ती गोष्ट तिला मिळाली, आणि ती आमच्या हातची गेली. दोन्ही एकाच दिवशी झालं, म्हणून कुठल्याचं काय वाटून घ्यावं हे अजून ठरत नाही.

रोज संध्याकाळी दाजींचा फोन येतो. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी जेवणाचं विचारलं नव्हतं.

"जेवलात का, मास्तर?"

"उतरली, दाजी."

"बरं," ते म्हणतात. लासलगावच्या मार्केटात दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाणारा तो आवाज फोनवर अगदी हळू येतो. मग ते फोन ठेवतात, आणि मी जेवायला बसतो.